मुखवटा आणि धैर्य

‘मुखवटा’ हा शब्द मराठीत फारशा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरेच असणाऱ्या माणसाविषयी आपण म्हणतो, की त्याने मुखवटा धारण केला आहे. उघडा चेहरा म्हणजे निर्भयता आणि झाकलेला चेहरा म्हणजे भित्रेपणा किंवा लबाडी, असे समीकरण आपल्या मनात पक्के झालेले असते. ते नेहमीच खरे ठरते का? कॅनडातील एका हॉकीपटूच्या आयुष्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते मननीय आहे.

झाक प्लांत यांचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी क्वेबेक प्रांतात, शाविनिगन शहराजवळच्या एका खेड्यात झाला. अकरा भावंडांत ते थोरले. घरची गरिबी इतकी, की आईकडून विणकाम शिकून ते आपले लोकरीचे कपडे स्वतःच विणू लागले. लहानपणी दम्याचा विकार होता. फार वेळ बर्फावर धावता येत नसे. म्हणून ते गोलरक्षक झाले. पुढे माँट्रियल कॅनेडियन्स या विख्यात संघाचे गोलजाळे त्यांनी सांभाळले आणि त्या संघाबरोबर सहा वेळा स्टॅनली चषक जिंकला.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो. कडक रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती असते. तिचे वजन जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढे असते आणि ती ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येऊ शकते. प्लांत यांच्या उमेदीच्या काळात गोलरक्षक तिच्यासमोर उघड्या चेहऱ्याने उभा राहत असे. टेरी सॉचक या थोर गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत सुमारे चारशे टाके पडले. ग्लेन हॉल सलग ५०२ सामने मुखवट्याविना खेळले. मात्र सामन्यापूर्वी भीतीच्या ताणाने त्यांना उलट्या होत. प्रेक्षकांना दिसे तो केवळ निर्भय चेहरा. मग खरा मुखवटा कोणता म्हणायचा? भीती दडवून ठेवणारा तो उघडा चेहराच नव्हे काय?

चेहरा झाकण्याची बंदी कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. ती होती लोकांच्या नजरेत. जो चेहरा झाकतो तो घाबरतो, अशी समजूत होती. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते आणि प्रत्येकात नियमित गोलरक्षक एकच. म्हणजे साऱ्या लीगमध्ये मिळून अवघ्या सहा जागा! ‘घाबरला’ असा शिक्का बसला की जागा गेली. अशा वेळी कोण तोंड उघडणार?

१९५० च्या दशकात सरावाच्या वेळी गालाची हाडे मोडल्यावर प्लांत सरावात मुखवटा घालू लागले. परंतु प्रत्यक्ष सामन्यात तो वापरण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांचा विरोध होता. ब्लेक काही निर्दय गृहस्थ नव्हते. मुखवट्यामुळे पायाजवळची चकती दिसणार नाही, ही त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना चालू असताना अँडी बाथगेट यांनी मारलेली चकती प्लांत यांच्या चेहऱ्यावर आदळली. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांना आत नेऊन टाके घालण्यात आले. संघाजवळ दुसरा गोलरक्षक नव्हता. प्लांत यांनी सांगितले, की मुखवटा घालू द्याल तरच मी परत उतरेन. ब्लेक यांना मान्य करावे लागले. काचतंतूंचा तो फिकट, विद्रूप मुखवटा घालून प्लांत बर्फावर आले आणि संघाने सामना ३–१ असा जिंकला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लांत यांनी ‘मी खेळणार नाही’ असे म्हटले नाही. ‘असा खेळणार नाही’ एवढेच म्हटले. टाके ओले असताना ते पुन्हा त्याच चकतीसमोर उभे राहिले. मुखवट्याने संकट टळले नव्हते, व्यर्थ हानी तेवढी टळली होती. मुखवटा हे भित्रेपणाचे लक्षण नाही का, असे विचारणाऱ्यांना ते उलट विचारीत, की पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारणाऱ्याला शूर म्हणाल का?

संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याची मीमांसा करताना हेच सूत्र मांडले आहे. धैर्य हा सद्‌गुण भीतीला आवर घालतो, तसाच अविचारी साहसालाही. ज्याची भीती बाळगावी त्याची मुळीच न बाळगणे, यालाही त्यांनी दोष मानले आहे. जीव ही प्रेम करण्याजोगी वस्तू आहे; मोठ्या कारणासाठी ती पणाला लावणे वेगळे आणि लोक काय म्हणतील या धाकाने ती उधळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात माणूस वरकरणी शूर दिसतो. वास्तविक तो लोकनिंदेला भ्यालेला असतो.

मात्र प्लांत यांचे मोठेपण याहूनही निराळ्या ठिकाणी आहे. ते त्या काळचे अव्वल गोलरक्षक होते. त्यांना काढून टाकणे संघाला परवडणारे नव्हते. ज्याची जागा डळमळीत होती, त्याला असा नकार देता आला नसता. म्हणून काहींना वाटेल, की त्यात धैर्य ते कोणते? मला उलट वाटते. ज्याला नकार देणे परवडते त्यानेच तो द्यायला हवा, कारण त्याच्या मागे न परवडणारे पुष्कळ उभे असतात. आपल्या प्रतिष्ठेचा हा उपयोग फार थोड्यांना सुचतो. पुष्कळजण ती नुसती जपत बसतात.

८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहावरून प्लांत डेट्रॉइटविरुद्ध मुखवट्याविना खेळले. संघ ०–३ असा हरला. मुखवटा परत चढला आणि त्याच वर्षी कॅनेडियन्सनी सलग पाचव्यांदा चषक जिंकला. १९६२ मध्ये सॉचक यांनीही मुखवटा स्वीकारला. १९७४ साली अँडी ब्राउन हे त्या लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने खेळणारे शेवटचे गोलरक्षक ठरले. प्लांत यांचे २७ फेब्रुवारी १९८६ रोजी जिनिव्हा येथे निधन झाले.

गोलरक्षकाच्या उघड्या चेहऱ्याचे कौतुक सर्वांत मोठ्याने कोण करीत होते? आसनांवर बसलेले प्रेक्षक. त्यांच्या गालावर एकही टाका पडणार नव्हता. दुसऱ्याने किती सोसावे हे ठरविण्याचा मोह आपल्यालाही होतो: घरात, कामाच्या ठिकाणी, समाजात. निमूटपणे सोसणाऱ्याला आपण शाबासकी देतो आणि ‘हे थांबवा’ म्हणणाऱ्याला नाजूक ठरवितो. शाबासकी देण्यापूर्वी आपण स्वतः कोठे बसलो आहोत, एवढे तरी पाहावे. आज कॅनडातले लहान मूल गोलजाळ्यात उभे राहताना सहजपणे मुखवटा चढविते. त्याला कोणी भित्रे म्हणत नाही.