संशय आणि मोकळे मन



दर्शनास येणाऱ्यांमध्ये श्रद्धावंत असतात, तसेच संशयवादीही असतात. उभयतांचे येथे स्वागतच आहे. मात्र ‘प्रत्येक गोष्ट आधी नाकारावी, हेच शहाणपण’ ही जी समजूत अलीकडे रूढ झाली आहे, तिचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते.

सन १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथील ग्रामस्थांनी आकाशातून दगड पडल्याचे सांगितले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या तीन सदस्यांनी त्या दगडाची तपासणी केली. लाव्हाझिए यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ त्यांत होते. दगड पृथ्वीवरचाच आहे, असा निर्णय त्यांनी दिला. आकाशातून दगड पडणे अशक्य, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांची धारणा होती. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतील लेग्ल गावाच्या परिसरात हजारो दगडांचा वर्षाव झाला. चौकशीसाठी गेलेले तरुण शास्त्रज्ञ बिओ गावोगाव हिंडले. त्यांनी लोकांच्या साक्षी ताडून पाहिल्या, दगड कोठे कोठे पडले त्याची नोंद केली आणि दगड आकाशातूनच आल्याचे सिद्ध केले. ग्रामस्थ खरे बोलत होते.

बिओ भोळे नव्हते. परीक्षा त्यांनीही कसून घेतली. परंतु उत्तर आधी ठरवून मग प्रश्न विचारला नाही. मोकळे मन म्हणजे हेच.

या संदर्भात माझी स्वतःची एक चूक नमूद करणे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. ‘घाटाच्या पायऱ्यांसाठी माझ्या वडिलांनी देणगी दिली होती, त्याची नोंद पाहावयाची आहे,’ असे ते म्हणाले. त्यांच्याजवळ पावती नव्हती, अंगावरचे कपडेही साधे होते. ‘अशी नोंद असणे शक्य नाही,’ असे सांगून मी त्यांना परत पाठविले. पुढे जुन्या कीर्दी लावताना ते नाव व पंचवीस रुपयांची रक्कम माझ्याच हाती लागली. मी त्यांचा पत्ता लिहून घेतला नव्हता. ती कीर्द उघडून पाहण्यास मला केवळ अर्धा तास लागला असता.

तेव्हापासून कार्यालयात एक नियम पाळला जातो : आधी दप्तर पाहावे, मग उत्तर द्यावे.

हा नियम श्रद्धावंतांनाही लागू आहे. चमत्काराच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास अवश्य चौकशी करावी व देणगीची पावती कार्यालयातूनच घ्यावी. कारण डोळे मिटून मानणारा आणि डोळे मिटून नाकारणारा, दोघांचेही डोळे मिटलेलेच असतात. दर्शन मात्र उघड्या डोळ्यांनीच घ्यावयाचे असते.

सर्वांना अशी निर्मळ दृष्टी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— चिटणीस, देवस्थान कार्यालय