घरचे दप्तर

घरातील छायाचित्रे संगणकावर व्यवस्थित लावून ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न दुकानदाराला किंवा घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारावयाचा. नीतिविचाराच्या लेखात त्याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर असे की, जेथे निवड आहे आणि त्या निवडीचे फळ दुसऱ्याला भोगावे लागणार आहे, तेथे नीतीचा प्रश्न येतोच. छायाचित्रांची मांडणी आज आपण करतो. तिचा उपयोग अथवा उपद्रव मात्र आपल्यामागून येणाऱ्यांना व्हावयाचा असतो. शिवाय त्या चित्रांत जे दिसतात, त्यांतील पुष्कळांना याबाबत कोणी काही विचारलेले नसते.

प्रश्न सर्वांचाच असला, तरी भिलाईसारख्या ठिकाणी आयुष्य काढणाऱ्यांना तो अधिक निकडीचा आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्गजवळच्या भातशेतीच्या मुलखात सेक्टरांचे एक नवे नगर उभे राहिले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत आपलीही आली. येथे वाडा कोणाचा नाही. आहे ते क्वार्टर, आणि नोकरी संपली की त्याचा ताबा परत द्यावयाचा. रेल्वे, बँका व केंद्र सरकारची इतर खाती यांत असणाऱ्यांचा संसार तर याहूनही फिरता. ज्याचे घर एका जागी चार पिढ्या उभे आहे, त्याच्या आठवणींना भिंती असतात, परसातले झाड असते, शेजारी असतात. आपल्या आठवणींना टेकावयास फोटोंचा अल्बमच काय तो आहे. तोही आता काळ्या जाड पानांचा राहिला नसून एका हार्ड डिस्कच्या डबीत जाऊन बसला आहे.

जुन्या अल्बमाची एक सोय होती. ती सोय आहे हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही, इतकेच. रोळात छत्तीस चित्रे निघत, ती धुऊन घेण्यास पैसे पडत, त्यामुळे काय टिपावयाचे हे आधीच ठरवावे लागे. पुढे घरातील कोणीतरी चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने स्थळ, तिथी आणि मुलांची वये लिहून ठेवी. निवड करण्याचे काम टंचाईने केले आणि ओळख देण्याचे काम त्या पेन्सिलीने. आज टंचाई संपली आणि पेन्सिलही सुटली. एका सहलीत चारशे चित्रे सहज निघतात आणि त्यांची नावे म्हणजे यंत्राने घातलेले क्रमांक असतात. जे काम परिस्थिती आपल्याकडून करून घेत होती, ते आता बुद्धिपुरस्सर करावे लागणार आहे.

मराठी माणसाला या कामाची ओळख नाही असे नाही. आपल्याकडे कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती, आणि पुण्याचे पेशवे दप्तर अशा रुमालांनीच भरलेले आहे. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. हे कागद हाती आल्यावर अभ्यासकांना एक अडचण वारंवार आली: पुष्कळ पत्रांवर महिना व तिथी आहे, परंतु वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते. ते लिहावयाचे कशाला? शंभर-दीडशे वर्षांनी मात्र त्या एका आकड्यासाठी विद्वानांना वाद घालावे लागले. आपल्या घरच्या चित्रांची स्थिती हीच आहे, किंबहुना थोडी अधिक वाईट. जुने चित्र स्कॅन केले म्हणजे संगणक त्याला स्कॅन केल्याच्या दिवसाची तारीख लावतो. १९६४ सालचे लग्न मग २०१९ सालच्या सहलीशेजारी जाऊन बसते. नसलेली तारीख मनुष्याला शोधावयास लावते. चुकीची तारीख त्याला निश्चिंत करते. म्हणून तिचा धोका मोठा.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. त्यांची जाहिरात काहीही असो, आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे दोनच वर्ग पडतात. एका वर्गातील सॉफ्टवेअर आपण दिलेली नावे, तारखा, स्थळे ही सर्व स्वतःच्या वहीत लिहून ठेवते. चित्र स्वतः मुकेच राहते. दुसऱ्या वर्गातील सॉफ्टवेअर तीच माहिती चित्राच्या फाइलीत, अथवा तिच्या शेजारी ठेवलेल्या एका साध्या फाइलीत, सर्वमान्य पद्धतीने लिहू शकते. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिण्याचाच हा नवा प्रकार होय. यासाठी ‘एक्सएमपी’ नावाची पद्धत २००१ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणली आणि २०१२ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. पहिल्या वर्गात लिहिलेले त्या सॉफ्टवेअरपुरते जगते. दुसऱ्यात लिहिलेले सॉफ्टवेअर गेल्यावरही वाचता येते.

ही भीती काल्पनिक नव्हे. पिकासा हे सॉफ्टवेअर गूगलने २००४ साली घेतले. फुकट, सुटसुटीत आणि साध्या संगणकावर चालणारे असल्यामुळे ते असंख्य घरांत शिरले. मार्च २०१६ मध्ये त्याला मिळणारे पाठबळ थांबले. चित्रे कोणाची गेली नाहीत. परंतु बसून लावलेले चेहरे आणि त्यांची नावे मुख्यतः त्याच्याच नोंदवहीत राहिली होती, ती दुसरीकडे नेणे अनेकांना जमले नाही. मायक्रोसॉफ्टच्या फोटो गॅलरीचे पाठबळ जानेवारी २०१७ मध्ये संपले. गूगल फोटोज २०१५ साली आले तेव्हा ठरावीक प्रतीची चित्रे अमर्याद व विनामूल्य ठेवण्याची सोय होती. १ जून २०२१ पासून ती राहिली नाही. यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. व्यापारी संस्था व्यापाराच्या हिशेबाने चालणार. प्रश्न इतकाच की, तीन पिढ्यांची वस्तू आपण किती वर्षांच्या आश्वासनावर ठेवतो.

तरीही दूर ठेवलेल्या साठ्याची निंदा करून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. मुलगा बंगळुरास, मुलगी परदेशी आणि आईवडील भिलाईस, ही आज पुष्कळ घरांची मांडणी आहे. बारशाचे चित्र त्याच सायंकाळी तिन्ही ठिकाणी दिसते, हे सुख लहान नाही. घरातील डिस्क बिघडली, तर दूरची प्रतच वाचवते. आमचे म्हणणे एवढेच की त्या साठ्याला खिडकी मानावे, दप्तर मानू नये. मूळ चित्रे घरी, वर्षवार साध्या फोल्डरांत असावीत. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या गावी असावी.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे: ओळखावयाचे कोणी? आजची यंत्रे चेहरा पाहून एकाच माणसाची चित्रे वेगळी काढतात आणि त्यांचे कौशल्य खरोखर विस्मयकारक आहे. आपल्या नैयायिकांनी स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला. पूर्वी पाहिलेला देवदत्त तो हाच, असे ज्ञान होण्यास समोरचे दर्शन हवे आणि मागचा संस्कारही हवा. यंत्रापाशी साम्याचे गणित आहे. संस्कार घरातील माणसापाशी आहे. पन्नास चित्रांत एकच वृद्ध स्त्री आहे, हे यंत्र सांगेल. ती वडिलांची आत्या होती, बालपणी वैधव्य आले, आणि तिने शिवणकाम करून दोन भाच्यांना शिकविले, हे सांगणारा मनुष्य आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा आहे. यंत्राची बुद्धी दरवर्षी वाढते आहे. या माणसाचा काळ मात्र सरत आहे. घाई करावयाची असेल, तर ती या ठिकाणी आहे.

यंत्राच्या पसंतीलाही मर्यादा आहेत. ज्याचा चेहरा वारंवार येतो, त्याला ते पुढे करते. सर्व चित्रे ज्याने काढली, तो कोठेच दिसत नाही. आणि मुलांना कडेवर घेऊन एका कडेला उभी असलेली कामवाली बाई एखाद्याच चित्रात दिसते. तिचे नाव लिहावयाचे की चौकट कापून तिला बाहेर ठेवावयाचे, हे आपल्याला ठरवावे लागते. मांडणी करणे म्हणजे न्याय करणे, तो अशा जागी.

दुसऱ्याच्या चेहऱ्याचा प्रश्नही यातलाच. शेजाऱ्यांच्या मुलांची, स्नेह्यांच्या आजारपणाची चित्रे आपल्या साठ्यात असतात, आणि आपण ती एका कळीसरशी दूरच्या कंपनीच्या स्वाधीन करतो. २०२३ साली संमत झालेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. आणि ते योग्यच आहे. परंतु कायदा उंबरठ्याशी थांबला म्हणजे सदसद्विवेकानेही तेथेच थांबावे असे नाही. उलट, तेथून पुढे त्याचेच राज्य सुरू होते.

कोणत्या भाषेत लिहावयाचे, हाही विचार आहे. काकू, मामी, आत्या, मावशी या चार नात्यांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो. तो वापरला की कुळाच्या चार वाटा एक होतात. नव्या पद्धतीत देवनागरी निर्वेधपणे लिहिता येते. कार्यालयांतील जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतो, तशी गत येथे होत नाही. पण नातवंडांना देवनागरी वाचता येईल काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना टाळता येणारा नाही. त्यांच्यावर रागावण्यापेक्षा नाव दोन्ही लिपींत लिहावे आणि नाते मराठीत ठेवावे. एखाद्याला त्या शब्दाचा अर्थ विचारावासा वाटला, तरी पुष्कळ साधले. स्थळांचेही तसेच. २००० सालापूर्वीच्या चित्राच्या पाठीवर ‘भिलाई, म. प्र.’ असे लिहिलेले आढळते; आजचे सॉफ्टवेअर तेथे ‘छत्तीसगड’ घालील. दोन्ही खरे आहे, आणि चित्राखाली दोन्ही असावे.

एवढा खटाटोप हवाच कशाला, असाही आक्षेप येईल. अपरिग्रहाची थोरवी सांगणाऱ्या देशात चाळीस हजार चित्रे जपणे हा मोहच नव्हे काय? आक्षेप खोटा नाही. न पाहता, न निवडता साठवणे हा परिग्रहच आहे, आणि तो वारसांवर लादणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. चाळीस हजारांतून चारशे निवडून त्यांना नाव, तारीख, स्थळ आणि दोन ओळी देणे, हे मात्र दान आहे. उरलेली ठेवली काय आणि गेली काय, कोणाचे काही बिघडत नाही.

तेव्हा कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? ज्याला सोडून जाता येते, ते. डिजिकॅमसारखे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, चित्रे आपल्याच फोल्डरांत राहू देते, आणि माहिती चित्राबरोबर लिहून ठेवण्याची सोय त्यात निवडता येते. दुसऱ्या एखाद्यात हेच गुण असतील, तर तेही चालेल. क्वार्टर घेताना ते एक दिवस सोडावयाचे आहे हे आपण जाणतो, आणि सामान अशा बेताने ठेवतो की बदलीचा हुकूम आला तरी घोटाळा होऊ नये. फोटोंच्या बाबतीत हीच सावधगिरी हवी. ती बाळगून रविवारी सकाळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला संगणकाशेजारी खुर्ची द्यावी, आणि पहिल्या चित्रापासून विचारावयास सुरुवात करावी.