सत्ताविचार : स्त्री आणि पुरुष

आधुनिक समाजात पुरुषाची सत्ता स्त्रीपेक्षा अधिक आहे की नाही, असा वाद अलीकडे सुशिक्षित वासनिकांच्या बैठकीतही निघतो. भिक्षुकाने त्यात पडू नये असे काही साधुजनांचे मत आहे. त्यांचे म्हणणे असे की, जीव हा मुळात ना स्त्री ना पुरुष. भेद आहे तो प्रपंचातील देहाचा, तेव्हा या वादाशी धर्माला कर्तव्य काय? जीवस्वरूपाविषयीचा त्यांचा सिद्धान्त यथार्थ आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र ग्राह्य नाही. जीवांत भेद नाही म्हणूनच देहामुळे एका जीवावर आलेल्या बंधनाचा विचार करावयाचा. भेद स्वरूपाचाच असता तर विचारास जागाच उरली नसती.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. कोणी म्हणेल, आता पुरुषाची सत्ता उरली कोठे? इंदिरा गांधी 1966 साली पंतप्रधान झाल्या. महाराष्ट्राच्या कन्या प्रतिभाताई पाटील 2007 ते 2012 या काळात राष्ट्रपती होत्या. 2011 पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. घरात शब्द चालतो तो सासूचा. उलट कर्जापायी जीव देणारा शेतकरी बहुतेक वेळा पुरुषच असतो आणि सीमेवर मरणाराही बहुधा पुरुषच. मग अधिक सत्ता कोणाची म्हणावी?

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुरुष दुःखी आहे हे त्यातून सिद्ध होते आणि ते खरेही आहे. परंतु दुःख आणि सत्ता हे परस्परविरोधी पदार्थ नव्हेत. कर्जबाजारी शेतकऱ्यापाशी सावकारापुढे बळ नसते. तरी जमीन असते ती त्याच्याच नावावर आणि विकावयाची की नाही हे ठरवणाराही तोच असतो. सत्ता ही एका व्यक्तीच्या अंगी चिकटलेली वस्तू नसून दोघांमधील संबंध आहे. म्हणून 'पुरुष सत्ताधीश काय?' असे ठोकळ न विचारता अमुक संबंधात निर्णय कोणाचा, स्वामित्व कोणाचे आणि 'नाही' म्हटल्यास कोणाचे किती जाते, हे विचारावे. माझ्या मते यांतील तिसरी कसोटी सर्वांत सूक्ष्म आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. चांदवड येथे नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील त्या मेळाव्याला खेड्यापाड्यांतून फार मोठ्या संख्येने स्त्रिया आल्या होत्या. त्यातूनच पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम उभी राहिली : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा आणि ज्या गावी असे शंभर शेतकरी निघतील ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरवावे. कल्पना उदात्त होती. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण विचारकाने एवढे तरी नोंदवावे की, जो देतो त्याच्यापाशी ती वस्तू आधी असते. पेरणी, निंदणी, कांदालागवड ही कामे जिच्या हातून पिढ्यानपिढ्या झाली, तिला भूमी 'द्यावी' लागली, यातच मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आले.

उरलेले अर्धे उत्तर तलाठ्याच्या चावडीवर मिळते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला पित्याच्या मिळकतीत वाटा दिला. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 2005 साली पिता हयात नसला तरी तो हक्क टिकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. कायद्याने आता काही उणे ठेवले नाही. तरी वडील गेल्यावर गावोगाव काय होते? दशक्रिया उरकते न उरकते तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. बहीण सही करते. कोणी तिचा हात धरीत नाही, कोणी धाक घालीत नाही. मात्र सही न केल्यास दिवाळीचे बोलावणे थांबते, माहेरचा उंबरा परका होतो, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. भावाने आपला हिस्सा ठेवून घेतला तर त्याचे घर तुटत नाही. तिने ठेवला तर तिचे तुटते. दोघांचा हक्क समान, पण नकाराचे मोल विषम. सत्ता राहते ती या विषमतेत.

विधानसभेचेही असेच आहे. 288 जागांच्या सभागृहात 2024 साली निवडून आलेल्या स्त्रिया 21. ग्रामपंचायतीत राखीव जागा आहे म्हणून स्त्री सरपंच होते, आणि कित्येक ठिकाणी सभेत बोलतो तो तिचा पती. अर्थात जेथे ती स्वतः बोलू लागली तेथे गावाचे पाणी, शाळा यांची चर्चा निराळी होते, हेही अनेकांनी पाहिले आहे.

आता आपल्या मार्गाकडे वळू. तेराव्या शतकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. रजस्वलेचा विटाळही, देहाच्या इतर मलांहून निराळा नाही म्हणून, त्यांनी मानला नाही. महदाइसा प्रश्नावर प्रश्न करी आणि स्वामी तिला उत्तरे देत. पंडितांनी संस्कृताची वाट धरू पाहिली तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांस आवरले, कारण त्यायोगे अनुसरलेल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. ज्ञानाची भाषा कोणती हा सत्तेचाच प्रश्न आहे, हे आचार्यांनी किती आधी ओळखले होते!

हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो, सांगावेही. परंतु मठांच्या गाद्या बहुतांशी पुरुषांकडेच आहेत आणि तपस्विनींच्या वाट्याला सेवा अधिक, निर्णय थोडा, ही वस्तुस्थिती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोणी म्हणेल, त्यांनी कधी मागितले नाही. बहीणही हिस्सा मागत नाहीच. तो न मागण्याचा अर्थ आपण वर पाहिला. मार्गाच्या सभांत मिळकत, वास्तू व शिष्यांचे शिक्षण यांचे विषय निघतील तेव्हा तपस्विनींस आधी विचारावे, आणि त्यांनी विरोधी मत दिल्यास त्यांच्या राहण्याजेवण्याच्या सोयीत तिळमात्र फरक पडू नये. एवढ्या दोन गोष्टी येत्या चातुर्मासापासून अमलात आणण्यास महंतमंडळींची काय अडचण आहे, ते त्यांनी याच पृष्ठांतून कळवावे.