चुळबुळ्या फिलिपचा दोष कोणता?

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी 1844 मध्ये आपल्या लहान मुलासाठी चित्रकथांची वही तयार केली. पुढे गाजलेल्या त्या पुस्तकातला फिलिप जेवताना खुर्ची झुलवतो, टेबलावरचं कापड धरून पडतो आणि सगळं जेवण जमिनीवर येतं. वडील संतापतात.

पण जे आवरताच येत नाही, त्याचा दोष मुलाच्या माथी कसा मारायचा?

1932 मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोल्नो यांनी मुलांमधल्या अशा अनावर हालचालींचं आजार म्हणून वर्णन केलं. पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. ज्यू वंशाच्या पोल्नोंनी देश सोडला; 1943 मध्ये माउटहाउझेन छळछावणीत त्यांची हत्या झाली.

आज एडीएचडी म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था बहुधा एकटी येत नाही. वाचन-लेखनातली अडचण, चिंता, झोपेच्या तक्रारी, मोठ्यांना सतत विरोध. हा विरोध लोकांना उद्धटपणा वाटतो आणि शिक्षा नेमकी त्यालाच होते; हे अन्यायाचं आहे.

तत्त्वज्ञ कांटच्या नीतिविचारात कर्तव्य सांगताना ते पार पाडण्याची क्षमता गृहीत असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरत नाही, अशी अर्जुनाची तक्रार आहे. कृष्ण रागावत नाही. ते खरंच अवघड आहे हे मान्य करून अभ्यासाचा मार्ग सांगतो. जर्मनीतले उपचारही मुलाला आणि पालकांना ही अवस्था समजावण्यापासून सुरू होतात, औषधं गरजेप्रमाणे.