संथ फायबर आणि कारणाचा प्रश्न

घरी १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन असताना मोबाइलवरची स्पीड टेस्ट ३० दाखवते, तेव्हा उभा राहणारा प्रश्न नुसत्या यंत्राचा नसतो. वेग कमी आहे हे कार्य डोळ्यांसमोर असते. त्याचे कारण भिंतीआड, खांबावरच्या पेटीत किंवा कंपनीच्या यंत्रखोलीत कुठेतरी दडलेले असते. दिसते त्यावरून न दिसणाऱ्याकडे कोणत्या आधाराने जायचे, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांपासून चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशापर्यंत नैयायिकांनी तो लावून धरला. त्यासाठी घडवलेली त्यांची हत्यारे या घरगुती तक्रारीलाही उपयोगी पडतात.

कारण शोधण्याआधी कार्य खरेच आहे का, हे पाहावे लागते. प्लॅनमधले १०० हे मेगाबिट असतात, तर डाउनलोड चालू असताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटचा असतो. ८ बिटांचा १ बाइट; म्हणजे १०० एमबीपीएसची लाइन पुरती धावत असतानाही तिथे जास्तीत जास्त १२.५ दिसणार. हा बिघाड नव्हे, शिंपल्यावर चांदी भासावी तसा भ्रम आहे. मग तपासायचा तो शब्द. न्यायदर्शनात शब्द हे चौथे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरे सांगणाऱ्या माणसाचा असला तरच. जाहिरातीतल्या ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ वाचायचा राहून जातो, आणि ठरावीक डेटा वापरल्यावर वेग उतरवण्याची अट बारीक अक्षरांत असते. विक्रेत्याला आप्त मानायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एवढे करूनही वेग कमीच भरला, तर संशय योग्य ठरतो. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थांत संशयालाही जागा दिली आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे अंधारात दिसणारी उभी आकृती: खांब की माणूस? दोघांत समान असलेली उंचीच तेवढी दिसते आणि फरक पाडणारी खूण दिसत नाही, म्हणून मन दोलायमान होते. मोबाइलच्या पडद्यावर वायफायचा दोष आणि लाइनचा दोष असेच एकसारखे दिसतात. दोन्हीकडे व्हिडिओ अडकतो, गोल चक्र फिरत राहते. तेच चक्र पुन्हा पुन्हा पाहून निर्णय होत नाही. फरक पाडणारी खूण मुद्दाम निर्माण करावी लागते.

ती लॅन केबलने मिळते. घरातली बाकीची उपकरणे बंद करून लॅपटॉप थेट फायबरच्या मोडेमला केबलने जोडायचा आणि वेग मोजायचा. केबलवर ९५ आणि वायफायवर ३० आले, तर लाइन निर्दोष आहे. वायफाय असताना मंदपणा असणे हा अन्वय, वायफाय काढल्यावर मंदपणा जाणे हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात भेदाची रीत मांडली, ती याच जातीची. दोष वायफायचा ठरला की पुढचे काम सोपे असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतल्या वीस-पंचवीस राउटरांनी त्याच वाटून घ्यायच्या. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आहे, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपुढे तो थकतो. राउटर लोखंडी कपाटामागे लपवणाऱ्या घरांत तर अनुमानाची फारशी गरज उरत नाही.

खूण कधी इतकी नेमकी असते की तिच्यावरून कारण जवळजवळ वाचता येते. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर केबलने मोजलेला वेग दर वेळी ९४च्या आसपास अडत असेल, तर केबलच्या टोकाकडे पाहावे. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एखादी तार तुटली की उपकरणे गुपचूप १०० वर उतरतात, आणि माहितीच्या पाकिटांवरच्या पत्त्यांचा भार वजा जाता हातात ९४ उरतात. धूर पाहून अग्नी ओळखण्याइतके हे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, स्वच्छ आहे. केबल जुनी असणे किंवा राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असणे, एवढेच पर्याय मग तपासायचे उरतात.

फसगत होते ती व्याप्तीत, म्हणजे खूण आणि कारण यांच्या अटळ संबंधात. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. उलट अग्नी तिथे धूर, ही नाही. तिला ओल्या सरपणाची अट चिकटलेली आहे आणि अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ‘पाऊस पडला की फायबर मंदावतो’ या लोकप्रिय सिद्धांताची तीच गत आहे. काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला पावसाचे सोयरसुतक नसते. मुसळधार पावसाच्या संध्याकाळी सगळे घरी असतात आणि सगळे काहीतरी पाहत असतात, ही खरी उपाधी. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे २४८८ एमबीपीएस स्प्लिटरमधून बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर एकेकाच्या वाट्याला ३९ देखील येत नाहीत. असे क्वचित घडते, आणि त्या क्वचितपणावरच सगळा धंदा उभा आहे.

दुसरी खोटी व्याप्ती म्हणजे ‘प्रकाश कमी तर वेग कमी’. मोडेमपर्यंत पोचणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात आणि दर ३ अंकांच्या घसरणीला तो निम्मा होतो. नेहमीच्या उपकरणांना उणे ८ ते उणे २७ एवढा टप्पा चालतो. या टप्प्यात उणे १५ आणि उणे २४ यांचा वेग सारखाच, कारण प्रकाशाची लुकलुक ठरलेल्या गतीनेच होते. टप्प्याखाली गेल्यावर मात्र चुका वाढतात, पाकिटे हरवतात, जोडणी तुटते आणि लाल दिवा लागतो. कोपऱ्यात घडी पडलेली तार किंवा मळलेले टोक असे अडखळणे आणते, मोजून निम्मा वेग नव्हे.

‘राउटर बंद करून चालू करा’ या सल्ल्याचे तत्त्वज्ञान स्वतंत्र आहे. कुंभाराच्या घड्याआधी माती आणणारे गाढवही येते, पण नैयायिक त्याला घड्याचे कारण मानत नाहीत; ते अन्यथासिद्ध, असले काय नि नसले काय. रात्री अकराला राउटर बंद-चालू केला आणि वेग आला, तर त्याच सुमारास शेजारीही झोपले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. तरी हा सल्ला थोतांड नाही: नव्याने सुरू झालेला राउटर कधी मोकळी वाहिनी निवडतो, तुंबलेली स्मृती रिकामी करतो. गाढव की माती, हे ठरवायला एका रात्री राउटरला हात न लावता अकरा वाजू द्यावे लागतात. हा प्रयोग करण्याइतका धीर घरात कुणाकडे नसतो, हा भाग वेगळा.

यापेक्षा खोल वाद शक्तीचा आहे. विशिष्ट मणी जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, असे जुन्या ग्रंथांतले उदाहरण आहे. मीमांसक म्हणतात, अग्नीत दाहशक्ती नावाची वेगळी वस्तू आहे आणि मणी तिचा नाश करतो. नैयायिक अशी शक्ती मानत नाहीत. त्यांच्या मते अग्नी, इंधन, त्यांचा संयोग आणि प्रतिबंधकाचा अभाव ही सगळी सामग्री जमली की दाह होतो. एक घटक कमी पडला की होत नाही. ग्राहक स्वभावतः मीमांसक असतो. लाइनमध्ये १०० एमबीपीएस ‘आहेत’ आणि कुणीतरी ते खातो, अशी त्याची समजूत असते. नैयायिकांचा पक्ष इथे सरस आहे. वेग कुठे साठवलेला नसतो. दूरचा सर्व्हर, कंपनीचे जाळे, स्प्लिटर, मोडेम, वायफाय, लॅपटॉप ही साखळी जमते तेव्हा तो घडतो, आणि सर्वांत अरुंद कडीएवढाच घडतो. म्हणून एक प्रतिबंधक दूर केल्यावर वेग ३० वरून ६० वर येऊन थांबतो आणि दुसरा प्रतिबंधक तोंड दाखवतो. म्हणूनच कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातल्या सर्व्हरवर उत्तम आलेली स्पीड टेस्ट परदेशातल्या संकेतस्थळाबद्दल फारसे काही सांगत नाही.

चार्वाक या सगळ्यावर हसला असता. हजार वेळा एकत्र पाहिलेल्या दोन गोष्टी पुढच्या वेळी एकत्र असतीलच कशावरून? नैयायिक उदयनाने यावर दिलेले उत्तर असे, की शंका तुमच्याच वागण्याशी विसंगत ठरेपर्यंतच चालते. धूर हवा म्हणून अग्नी पेटवणाऱ्याला अग्नी-धुराच्या संबंधावर शंका घेता येत नाही. वेदान्ती श्रीहर्षाने हे उत्तर उलटवले आणि गंगेशाला ते पुन्हा सावरावे लागले. केबल बदलायला बाजारात निघालेला माणूस मात्र त्या क्षणापुरता उदयनाच्या बाजूचा असतो.

स्वतःला पटलेले दुसऱ्याला पटवणे याला परार्थानुमान म्हणतात. त्याचे अवयव पाच: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ‘नेट स्लो आहे’ ही नुसती प्रतिज्ञा झाली, आणि तिला उत्तर म्हणून राउटर बंद-चालू करण्याचा सल्लाच मिळतो. केबलने मोजलेला वेग, सकाळ-दुपार-रात्रीच्या वेळा, मोडेमवरचा डीबीएमचा आकडा आणि वायफाय वगळूनही मंदपणा टिकल्याची नोंद तक्रारीत लिहावी. हेतू हातात असलेली तक्रार बंद करणे कंपनीला जड जाते.