लेकराच्या छातीतलं दूध

जन्मून चार-सहा दिवस झालेल्या बाळाला तेल लावताना छातीवर बोराएवढी गाठ हाताला लागते. बहुधा दोन्हीकडे. मुलगी असो की मुलगा, कधी त्यातून पांढरा थेंबही येतो. भद्रावतीतली एखादी आजी मग सुनेला म्हणते, “लेकराच्या छातीत दूध साचलं वं, पिळून काढा लागते, नाही तं पिकते.” आणि रोज आंघोळीच्या वेळी ती गाठ दोन बोटांत धरून पिळली जाते.

त्या आजीवर रागावता येत नाही. तिच्या हातात माया आहे. पण जे टाळायला ती पिळते, तेच पिळण्यानं ओढवतं. कोवळ्या कातडीला इजा होते, जंतू आत शिरतात, पू धरतो, कधी चिरा द्यावा लागतो. मुलीच्या बाबतीत तर स्तन ज्यातून वाढायचा त्या जागेलाच धक्का बसू शकतो.

मुळात हा आजार नाही. पोटात असताना आईची संप्रेरकं नाळेतून बाळापर्यंत पोचलेली असतात, त्यांचा हा परिणाम. काही मुलींना याच दिवसांत खालून थोडं रक्त जातं, त्याचं मूळही तेच. गाठ काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, आपोआप विरते. औषध नको, शेक नको, लेप नको.

पण “काही करू नका” हे घाबरलेल्या घराला पटवणं फार अवघड. त्यासाठी ओळखीचं, पुन्हा पुन्हा घरी येणारं माणूस लागतं. १९८२ पर्यंत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत हेच केलं. गावातल्याच बायांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून कमी झाले. २०११ पासून देशभर हे काम आशाताई करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येतात. गाठ फुगायचे दिवसही हेच. मला वाटतं, सातव्या दिवशी आशाताईंनी सुनेआधी आजीजवळ बसावं. घरात शब्द तिचा चालतो, आणि तिला कारण सांगितलं तर तीच इतरांचे हात आवरेल.

गाठ लाल झाली, गरम लागली, पू दिसला, अंग तापलं किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दीड-दोन वर्षांच्या मुलीच्या छातीतही कधी अशी निरुपद्रवी गाठ येते. ती बालरोगतज्ज्ञांना दाखवावी; आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तरी दाखवावं. पण घाईनं गाठ कापून घेऊ नये. ती काढली, तर पुढे त्या बाजूला स्तन वाढत नाही.