एक लाख साठ हजारांचं किरकोळ

कॉमर्सच्या पदवीने मला एवढंच शिकवलं, की प्रत्येक वस्तूला किंमत असते आणि दरसाल तिच्यातून घसारा वजा करायचा असतो. वडिलांच्या सायकलीला आणि स्वतः जोडलेल्या जीपला हा नियम लागू आहे का, ते आमच्या सरांनी सांगितलं नाही. बहुधा परीक्षेला नसावं.

मोडनिंबला जीप कशाला, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. त्यांनी आमचा पुणे-सोलापूर हमरस्ता पाहिलेला असतो. पावसाळ्यात त्यावरून खाली काळ्या रानात उतरलेले नसतात. चार शिंतोडे पडले की ती माती चप्पल ठेवून घेते आणि माणूस तेवढा परत करते. आमची दोन एकर बोरीची बाग नेमकी तिथे. नवी थार घ्यायची तर दहा लाखांच्या पुढची गोष्ट, आणि माझं अंदाजपत्रक ऐंशी हजारांचं. तेवढ्यात भंगारातून एक जीप आली. जीप म्हणजे चासी, पुढची जाळी आणि कागदपत्रं.

मिस्त्री म्हणाला, "सायेब, चासी लई खणखणीत हाय. बाकी काय, बसवायचंच की!"

'बाकी काय' या दोन शब्दांत किती रुपये मावतात, ते मी नंतर शिकलो. इंजिन, कमानीचे पाटे, टायर, आणि चारही चाकांना ताकद वाटून देणारी ती पेटी! तिच्यावाचून जीप म्हणजे नुसती बिनछपराची रिक्षा. मी मनाची समजूत घातली, की १९४७ साली महिंद्रांनी तरी मुंबईत विलीस जीपची जोडणीच सुरू केली होती; आपण मोडनिंबला करू. इंजिन बदललं की त्याची नोंद सरकारदरबारी करून घ्यावी लागते, हे मोटार वाहन कायद्याचं (१९८८) कलम ५२ कर्जप्रकरणं करून मला पाठ होतं. तीही केली.

रविवारी मी पान्हे द्यायला बसे. मिस्त्रीने बारा-तेरा मागितला की मी चौदा-पंधरा द्यायचो. आठवीतला आमचा चिरंजीव न बघता बरोबर द्यायचा.

आता खरं पाप सांगतो. मुदतीआधी ठेव मोडू नका, असं गिऱ्हाइकांना रोज बजावणाऱ्या मी थोरलीच्या इंजिनिअरिंगची पावती मोडली आणि घरखर्चाच्या वहीत 'किरकोळ' लिहीत गेलो. एके रात्री हिने बेरीज केली.

"अहो, एक लाख साठ हजारांचं किरकोळ? आपल्या लग्नालासुद्धा एवढा खर्च नव्हता!"

फीची तारीख तोंडावर. एका बागाईतदाराने अडीच लाख देऊ केले. दोन लाख चाळीस हजार वजा जाता नफा दहा हजार. वाणिज्यशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न संपला. पण चिरंजीवाचे रविवार कुठल्या खात्याला टाकायचे?

हिने देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांचा दाखला काढला. सांगली जिल्ह्यातल्या या गृहस्थांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं चित्रण पाहिलं. ती नियमांत बसत नाही म्हणाले, कौतुक केलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. आधी घरच्यांचं मन होईना, असं तेव्हा छापून आलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये बदली झाली.

"त्यांनी दिली की नाही?"

"त्यांना बोलेरो मिळाली."

"आपल्याला पोरीची फी मिळतेय."

यावर उत्तर नव्हतं. आपण घडवलेली वस्तू विकायची नाही, हे म्हणायला फार उदात्त वाटतं. पण ती दुसऱ्याच्या पैशांतून घडवली असेल, तर त्या उदात्तपणाची उधारी कोण फेडणार? उलट, नुसती फी भागते म्हणून पोराला न विचारता गाडी द्यावी, हेही गळी उतरेना. आणि पोराला विचारण्याचं धैर्य तर माझ्यात मुळीच नव्हतं.

बागाईतदार आला त्या दिवशी गाडी सुरूच होईना. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तेवढ्यात चिरंजीव आतून पान्हा घेऊन आला, बॅटरीची वायर आवळली आणि म्हणाला, "मारा आता." इंजिन पहिल्या फटक्यात बोललं.

नोटा मोजून झाल्या. मी सवयीने दोनदा मोजल्या. गाडी वळणाशी गेली तेव्हा त्याने विचारलं, "बाबा, बारा-तेरा पान्हा पण द्यायचा होता का?"

"नाही," मी म्हणालो, "तो यादीत नव्हता."